मांडवाआधीची सही आणि रत्नागिरीच्या वकीलबाई

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाशी झालं. मांडव घालायच्या आधी कायद्याने लग्न लावून घ्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही रत्नागिरीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. हे सगळं त्यांच्या कामाबद्दल आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, आणि मी लिहिणार म्हटल्यावर त्यांनीच "माझं नाव तेवढं घालू नका" असं बजावलं.

आम्ही वेळणेश्वरचे. हे एसटीतून निवृत्त झाले. घराभोवती माड, वर डोंगरात थोडी कलमं. मुलगी बी. फार्म. झालेली, नोकरी चिपळूणला. मुलाचं मूळ घर संगमेश्वरकडचं, पण आईवडील त्याला आठव्या वर्षी न्यू जर्सीला घेऊन गेले, त्यामुळे तो आता तिथलाच नागरिक. एप्रिल २०२२ मध्ये लग्न ठरलं. फेब्रुवारीत मुहूर्त काढू, मग मुलगी जाईल, इतकं साधं आमच्या डोक्यात होतं. नवऱ्यामागे बायको लगेच जाते असं आम्ही धरून चाललो होतो.

तसं नसतं. अमेरिकन नागरिकाने बायकोसाठी अर्ज करायचा, त्याला आय-१३० म्हणतात. तो मंजूर झाल्यावर कागद पुढे नॅशनल व्हिसा सेंटरकडे, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. आमच्या वेळी नुसता पहिला अर्ज मंजूर व्हायला १४ महिने गेले. हा अर्ज लग्नाच्या दाखल्याशिवाय करताच येत नाही. म्हणजे मांडवाची वाट बघाल तेवढे महिने पुढचं सगळंच लांबणार.

वकीलबाईंकडे जायच्या आधी आमचे चार महिने आणि ३०,००० रुपये ठाण्याच्या एका एजंटापायी गेले. त्याचंही नाव घेत नाही, पण त्याने काय सांगितलं ते आईबापांना कळलं पाहिजे. तो म्हणाला, साखरपुड्याचा व्हिसा करा, के-१, तो लवकर होतो. मी विचारलं, मग फेब्रुवारीतल्या लग्नाचं काय? तर म्हणे, "लग्न थाटात करा काकू, फक्त तिकडे सांगायचं नाही, फोटो कुठे टाकायचे नाहीत." मला ते तेव्हाच खटकलं होतं. ह्यांना वाटलं, रोज हीच कामं करणारा माणूस आहे, त्याला माहीत असेल.

गणपती उरकल्यावर, सप्टेंबर २०२२ मध्ये, चुलत जावेच्या ओळखीने वकीलबाई मिळाल्या. आमच्याकडून रत्नागिरी म्हणजे तवसाळला जायचं, गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, खाडी ओलांडून जयगडला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. त्या वर्षी ती बोट आम्ही इतक्या वेळा धरली की तिकीट फाडणारा मुलगा "काकू, आज कुठला कागद?" असं विचारायचा.

एजंटाचं बोलणं ऐकून बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, के-१ हा लग्न न झालेल्यांचा व्हिसा. त्यावर मुलगी तिकडे गेली की ९० दिवसांच्या आत तिथे लग्न करायचं असतं. इथे सप्तपदी झाली, हार घातले, गावजेवण झालं, तर वकिलातीतला अधिकारी म्हणू शकतो की तुमचं लग्न झालेलंच आहे, हा व्हिसा तुम्हाला नाही. आणि लपवलंत तर तो खोटेपणा. तो एकदा नोंदला गेला की मुलीला अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. शिवाय के-१ वर गेलेल्या मुलीला तिथे लग्न करून पुन्हा अर्ज करावा लागतो आणि कामाचा परवाना येईपर्यंत घरी बसावं लागतं. बायको म्हणून व्हिसा घेऊन गेली तर उतरल्या दिवसापासून ती कायम रहिवासी, नोकरीला मोकळी. एवढं सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. आम्ही चार महिने घालवले होते.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला मुलीशी बोलायचंय." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. हे थोडे चिडलेच, फी आपण देणार आणि बाहेर आपण बसायचं. पाऊण तास गेला. मुलगी बाहेर आली तेव्हा रडलेली नव्हती, पण गप्प होती. परतताना बोटीवर कठड्याला टेकून तिने सांगितलं.

बाईंनी तिला विचारलं होतं, "समज, ही सही झाली आणि काही कारणाने मांडव झालाच नाही. तरी तू त्याची बायको असशील. चालेल तुला?" सही म्हणजे साखरपुडा नव्हे, हे त्यांनी तिला नीट समजावलं. साखरपुडा मोडला तर अंगठी परत करून भागतं. हे मोडायचं तर कोर्टातून घटस्फोट घ्यावा लागतो, आणि विशेष विवाह कायद्याखाली अगदीच अपवाद सोडला तर पहिल्या वर्षात तसा अर्जसुद्धा करता येत नाही. त्या पुढे म्हणाल्या, "घरचे याला कागद म्हणतील. तू कागद समजू नकोस. आठ दिवस विचार कर आणि मला तू स्वतः फोन कर, बाबांनी नाही."

आमच्या घरात तोपर्यंत सगळे कागदच म्हणत होते. मीही म्हणत होते. माझ्या पोरीला हा प्रश्न मी विचारायला हवा होता, तो एका परक्या बाईने विचारला.

मुलाबद्दलही त्यांनी एक गोष्ट सुचवली. त्याची तीन वर्षांची कर विवरणपत्रं मागवा. पुढे बायकोचा खर्च उचलायची हमी देताना उत्पन्नाचा पुरावा त्याला लागणारच आहे, आणि त्या कागदावर माणूस एकटा म्हणून कर भरतो की विवाहित म्हणून, हे छापलेलं असतं. जावयाने त्याच रात्री पाठवली. राग मानला नाही, उलट म्हणाला, "बरोबर आहे, माझ्या बहिणीसाठी मीही मागितली असती." त्या एका वाक्यावर माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

मुलीने सहाव्या दिवशी फोन केला.

कायदा कुठला निवडायचा याचंही बाईंनी चांगलं उलगडून सांगितलं. हिंदू विवाह कायद्याखाली नोंद हवी तर आधी विधी व्हायला हवेत. म्हणजे घाईत एखाद्या देवळात सप्तपदी करायची आणि पुन्हा फेब्रुवारीत मांडवात करायची. ते मला मान्य नव्हतं. सप्तपदी एकदाच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विधी लागत नाहीत, विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारल्याचं बोललं की लग्न लागतं. विधी नंतर आपल्या मुहूर्तावर. आम्ही तोच धरला.

ह्यांची एक शंका होती, ती कोकणातल्या बऱ्याच घरांत येईल. कुणीतरी सांगितलं होतं की या कायद्याने लग्न केलं की माणूस एकत्र कुटुंबातून तुटतो. आमची जमीन सामाईक, सातबाऱ्यावर चुलत्यांसकट अकरा नावं, आमच्यानंतर मुलींचीही लागणार. बाईंनी पुस्तक काढून दाखवलं: तसं कलम आहे खरं, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर नवराबायको दोघंही हिंदू असतील तर ते लागू होत नाही, वारसाहक्क हिंदू कायद्यानेच चालतो. ह्यांनी ते कलम वहीत उतरवून घेतलं आणि चुलत दिरांना वाचून दाखवलं.

आता प्रत्यक्ष काम. लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्याला ज्या जिल्ह्यात द्यायची तिथे दोघांपैकी एकाचा आधीचे ३० दिवस मुक्काम लागतो. मुलगी जिल्ह्यातलीच, त्यामुळे जावयाला महिनाभर आधी येऊन बसावं लागलं नाही. नोटीस दिल्यापासून ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर सगळं पहिल्यापासून. जावयाने आपण अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन केलं. त्याची वेळ आधी घ्यावी लागते आणि एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात. ७ नोव्हेंबरला नोटीस दिली.

ते तीस दिवस तो आमच्याकडेच राहिला. वकीलबाईंचाच सल्ला, आलाच आहे तर हॉटेलात नको, घरात राहू दे, माणूस कळेल. त्याचं ऑफिस न्यू जर्सीच्या वेळेने, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला बसायचा तो पहाटे साडेतीनपर्यंत. माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मी ठेवलेला चहाचा थर्मास. दुपारी उठून ह्यांच्याबरोबर नारळ सोलायला बसायचा. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, दुसऱ्या आठवड्यात सुळक्यावर नारळ कसा मारायचा ते जमलं. मासे मात्र काट्याकाट्याने निवडत खायचा, एक बांगडा संपवायला त्याला अर्धा तास लागे.

नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागते, नावंपत्त्यांसकट. मी बाईंना विचारलं होतं, हे टळणार नाही का? त्या म्हणाल्या, नाही, कायद्यातच आहे, तेव्हा गावात आधी तुम्हीच सांगून टाका. मी सांगितलं नाही. नवव्या दिवशी गुहागरचे एक ओळखीचे गृहस्थ खरेदीखताच्या कामाला गेलेले, त्यांनी फलक वाचला आणि ह्यांना फोन केला, "काय हो, मुलीने पळून जाऊन लग्न करायचं ठरवलंय की काय? नाव वाचलं मी." पुढचे चार दिवस मी दारात येईल त्याला समजावत होते. बाईंचं ऐकायला हवं होतं.

१२ डिसेंबर २०२२ ला लग्न लागलं. सकाळी अकराची वेळ होती, पण सर्व्हर बंद पडला आणि चार वाजले. त्या मधल्या वेळात बाईंनी जे काम केलं ते मी जवळून बघितलं. दाखल्याचा मसुदा आणि दोघांचे पासपोर्ट समोर ठेवले, मसुद्यावर फूटपट्टी धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत इंग्रजी अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं. मुलीला पासपोर्टवर बोट ठेवून तेच वाचायला लावलं. ह्यांच्या नावात शेवटचा एक 'ए' कमी होता. तो भरून घेतला तेव्हाच पुढे सरकल्या. म्हणाल्या, या एका अक्षरासाठी तिकडे प्रतिज्ञापत्रं लिहावी लागतात. नाव बदलण्याबद्दलही तिथेच सांगितलं: आता सासरचं नाव लावू नको. पासपोर्ट, पदवी, दाखला, व्हिसा सगळ्यांवर एकच नाव राहू दे, पुढचं पुढे.

मग विवाह अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर दोघं उभी राहिली. प्रतिज्ञा दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत चालते. जावयाने मराठी मागितली होती. आठ दिवस तो ती माजघरात घोकत होता. "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." 'स्वीकारतो' मधला 'स्वी' त्याच्या जिभेला जड जायचा. त्या दिवशी तो शब्दाआधी थांबला, श्वास घेतला आणि स्वच्छ बोलला. माझ्या शेजारी साक्षीदार म्हणून उभी असलेली जाऊ, जी दोन महिने "ते कागदाचं लग्न" म्हणत होती, तिने पर्समधून मूठभर तांदूळ काढले. कुंकू लावून घरूनच आणले होते. कार्यालयात सांडायला नको म्हणून तिने ते दोघांच्या ओंजळीत दिले.

आय-१३० चा अर्ज जावयाने जानेवारीत स्वतः ऑनलाइन भरला, तेव्हा फी ५३५ डॉलर होती. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अमेरिकेचे फॉर्म हे माझं काम नाही, त्याचे पैसे मी घेणार नाही. हा सरळपणा मला फार आवडला.

आणि त्याच जानेवारीत जावयाची आजी गेली. त्यांच्याकडे वर्षश्राद्धापर्यंत मंगलकार्य करत नाहीत. फेब्रुवारीचा मांडव एक वर्ष पुढे गेला. बाईंनी माझ्या मुलीला विचारलेला प्रश्न असा समोर येऊन उभा राहिला. कायद्याने लग्न झालेलं, मंगळसूत्र नाही, नवरा न्यू जर्सीत, मुलगी चिपळूणला नोकरीवर आणि शनिवारी आमच्याकडे. अर्ज चालू असताना पर्यटक म्हणून भेटायला जायचा व्हिसा मिळणंही अवघड, कारण कायमची राहायला येणार हे त्यांच्यापाशी आधीच लिहिलेलं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर बायका अडखळायच्या. गौरीत सासरकडून निरोप आला, यंदा ओवसा, म्हणजे नव्या सुनेचं गौरीपुढे सूप ओवसणं, करायचा का? मी म्हटलं, नाही, तो मांडवानंतर. मुलगी शांत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, मी सप्टेंबरातच ठरवलं होतं ना. मी त्याची बायको आहे, मांडव तुमचा राहिलाय."

मांडव फेब्रुवारी २०२४ मध्ये दारातच घातला. त्यानंतर पुन्हा विवाहनोंदणी करायची नाही, हे बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं. एका लग्नाचे दोन दाखले, दोन तारखा झाल्या की मुलाखतीत गोंधळ. प्रत्येक फॉर्मवर १२ डिसेंबर २०२२ हीच तारीख. मुलाखतीत विचारलं तर दोन्ही सांगायचं, सही कधी, विधी कधी, दोन्हीकडचे फोटो दाखवायचे, काही लपवायचं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईला मुलाखत झाली तेव्हा खरोखर तेच विचारलं, आणि मुलीने जसं होतं तसं सांगितलं.

व्हिसा हातात आल्यावर आम्ही तिकीट काढायला निघालो, तेव्हा बाईंचा निरोप आला: थांबा. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मुलगी तिथे उतरली तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं, सशर्त, आणि ते संपत आलं की अट काढून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पुरावे. दोन वर्षं झाल्यावर उतरली तर दहा वर्षांचं. मोजायचं ते उतरायच्या दिवशी, आणि सहीच्या तारखेपासून. व्हिसाची मुदत एप्रिलपर्यंत होती. अमेरिकेचे फॉर्म भरत नसल्या तरी आधीच्या एका पक्षकाराचा अनुभव त्यांनी लक्षात ठेवला होता. फोन त्यांनी आपणहून केला, काम संपून दोन वर्षं होत आली असताना. फेब्रुवारीतल्या मांडवापासून मोजलं असतं तर हे जमलंच नसतं. मुलीने दिवाळी केली, देवदिवाळी केली आणि १७ डिसेंबरला उडाली. नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याला तिने आपणच तारीख दाखवली, कारण व्हिशावर जुनाच, दोन वर्षांच्या कार्डाचा प्रकार छापलेला होता. कार्ड दहा वर्षांचं आलं.

उणं काय? फोन दिवसा उचलत नाहीत, कोर्टात असतात. संध्याकाळी साडेसहानंतर करावा. अकराची वेळ दिली तर एक वाजेपर्यंत बसायची तयारी ठेवा. आणि कागदांची यादी एकदम देत नाहीत. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला त्यांनी नंतर सांगितला, मग साक्षीदारांचे फोटो त्याहून नंतर, त्यापायी आमच्या दोन खेपा फुकट गेल्या. लांबून येणाऱ्याने पहिल्या दिवशीच पूर्ण यादी लिहून मागावी. फी आमच्याकडून १५,००० घेतली, दोन हप्त्यांत, पावती मागितल्यावर दिली. सरकारी फी किरकोळ. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, माझ्या गुडघ्यांना तो दर वेळी जड गेला.

कुणाला जायचं असेल तर मला विचारा, मी नंबर देईन. मे महिन्यात मात्र जाऊ नका. त्यांची स्वतःची कलमं आहेत, आंबा उतरेपर्यंत त्या बागेत असतात. आणि मुलीला बरोबर घेऊनच जा, पहिल्याच दिवशी. तिच्याशिवाय त्या फाइल उघडत नाहीत.